कागदावरचा उजेड : रेखांकन आणि छायांकनाचे पहिले धडे

चित्रकला शिकू लागलेल्या व्यक्तीची पहिली समजूत बहुधा अशी असते की, आधी वस्तूची बाह्यरेषा काढावी आणि मग तिच्या एका बाजूवर पेन्सिल फिरवून ती बाजू काळी करावी, म्हणजे चित्राला उठाव येतो. या समजुतीत तथ्य असले तरी तिच्यात मूळ गोष्टच सुटलेली असते. पेन्सिलचित्रात कोऱ्या कागदाचा शुभ्रपणा हाच सर्वांत तेजस्वी प्रकाश असतो आणि त्याहून अधिक उजेड चित्रकाराच्या हाती नसतो; म्हणून ज्याला वर्गात शेडिंग आणि ग्रंथांत छायांकन म्हणतात, ते काम म्हणजे वस्तूच्या कोणत्या भागावर उजेड किती कमी पोहोचतो हे डोळ्यांनी ठरवून तितकाच कागद झाकणे आणि जिथे तो पुरेपूर पोहोचतो तिथे कागद तसाच राखणे होय. छायांकन हे मुळात उजेड राखण्याचे काम आहे हे एकदा मनात ठसले की, पेन्सिल कशी धरावी, रेषा कोणत्या दिशेने ओढावी, कुठे थांबावे, या पुढच्या सर्व प्रश्नांची उत्तरे एकाच सूत्रात ओवली जातात.

हे सूत्र शिकण्यासाठी नाशिकसारखे अनुकूल शहर शोधूनही सापडणार नाही. गोदावरीचे पायऱ्यापायऱ्यांचे घाट, काळ्या दगडातील मंदिरे, त्रिरश्मी डोंगरातील लेणी, जुन्या गावठाणातील लाकडी वाडे, तांब्या-पितळेची भांडी आणि भोवतालच्या तालुक्यांतील द्राक्षबागा यांमुळे छायाप्रकाशाचे जवळजवळ सर्व प्रकार येथे विद्यार्थ्याच्या नजरेसमोर असतात. निसर्गचित्रकार शिवाजी तुपे यांनी गोदाकाठ आणि जुने नाशिक आपल्या चित्रांतून सातत्याने रेखाटले, प्रफुल्ल सावंत आणि राजेश सावंत यांसारख्या जलरंगकारांनी तीच वाट पुढे नेली, आणि वा. गो. कुलकर्णी यांचे नाव ज्या संस्थेशी जोडले गेले आहे त्या नाशिक कलानिकेतनने शहरात चित्रकलेच्या शिक्षणाला घर मिळवून दिले. चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १८८५ साली मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले, म्हणजे पडद्यावर उजेड आणि अंधार खेळवण्याआधी त्यांनीही कागदावरच्या छायाप्रकाशाचे शिक्षण घेतले होते.

पेन्सिल, कागद आणि खोडरबर

पेन्सिलीच्या कांडीला शिसे म्हणण्याची सवय असली तरी तिच्यात शिसे नसते. ती ग्राफाइट, म्हणजे कार्बनचे एक मऊ रूप, आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाची असते. फ्रान्समधील निकोला-जाक काँते याने १७९५ साली ग्राफाइटची भुकटी मातीत मिसळून भट्टीत भाजण्याची पद्धत शोधली, आणि मातीचे प्रमाण बदलून पेन्सिलीचा कठीणपणा हवा तसा ठेवता येऊ लागला. पेन्सिलीवरील ‘एच’ हे अक्षर कठीणपणा दाखवते, तर ‘बी’ हे अक्षर काळेपणा दाखवते. अक्षराआधीचा अंक जितका मोठा तितका तो गुण अधिक, आणि ‘एचबी’ ही दोहोंच्या मधली. नवशिक्याने डझनभर पेन्सिली विकत घेण्याची गरज नसते. प्राथमिक आखणीसाठी एचबी, मधल्या छटांसाठी २बी आणि ४बी, व सर्वांत गडद भागासाठी ६बी एवढा संच पुष्कळ काळ पुरतो. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या उद्योगातून पुढे ‘कॅम्लिन’ हे नाव घरोघरी पोहोचले, त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या हातात चित्रकलेचे पहिले साहित्य मराठी उद्योजकांच्या कारखान्यातून आले.

छायांकनाच्या पेन्सिलीला यांत्रिक टोकयंत्राने आखूड टोक करण्याऐवजी ब्लेडने किंवा कटरने लाकूड तासून कांडी लांब उघडी ठेवतात, कारण तिच्या टोकाने बारीक रेषा आणि तिच्या कुशीने रुंद, मऊ छटा अशा दोन्ही गोष्टी साधतात. कागद अगदी गुळगुळीत असेल तर ग्राफाइट त्यावर धरत नाही. त्याच्या पृष्ठभागाला किंचित खरखरीतपणा, म्हणजे दाणा, असावा लागतो, आणि त्या दृष्टीने नेहमीचा जाड ड्रॉइंग पेपर किंवा कार्ट्रिज पेपर सरावाला योग्य ठरतो. खोडरबर चूक पुसण्यासाठी असतेच, परंतु छायांकनात त्याचा दुसरा आणि अधिक मोलाचा उपयोग म्हणजे झाकलेल्या कागदातून उजेड पुन्हा उघडा करणे. पिठासारखे मळता येणारे खोडरबर चिमटीत टोकदार करून कागदावर नुसते दाबले तरी ते ग्राफाइट उचलून घेते आणि कागदाचा दाणा सुरक्षित राहतो.

छटेच्या आधी आकार

आकार चुकला असेल तर कितीही सुंदर छायांकनाने तो सावरत नाही, म्हणून पहिले शिक्षण रेषेचे आणि प्रमाणाचे असते. लिहिताना हात मनगटातून फिरतो. चित्र काढताना मात्र मोठ्या रेषा कोपरातून आणि खांद्यातून ओढाव्या लागतात, अन्यथा लांब रेषा तुकड्यातुकड्यांची आणि केसाळ होते. कागद टेबलावर सपाट ठेवला तर त्याची वरची कड डोळ्यांपासून दूर जाते आणि आकृती नकळत लांबट निघते, म्हणून ड्रॉइंग बोर्ड तिरका धरून दृष्टी त्याच्याशी काटकोनात येईल अशी बैठक ठेवतात.

प्रमाण, म्हणजे वस्तूच्या निरनिराळ्या भागांचे परस्परांशी असलेले माप, ठरवण्याची जुनी रीत आजही तितकीच उपयोगी आहे. हात पूर्ण ताठ करून पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरावी, एक डोळा मिटावा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत वस्तूची रुंदी मोजावी आणि पेन्सिल उभी करून तीच लांबी उंचीत किती वेळा बसते ते पाहावे. हात ताठ ठेवण्यामागचे कारण असे की, डोळा आणि पेन्सिल यांतील अंतर बदलले तर माप बदलते आणि आधीच्या मोजणीशी त्याचा मेळ बसत नाही.

बहुतेक वस्तू घन, दंडगोल, शंकू आणि गोल या चार मूळ आकारांच्या जोडणीतून बनलेल्या दिसतात. तांब्याची कळशी घेतली तर तिचे पोट चपटा गोल, मान आखूड दंडगोल आणि काठ हे पसरट वर्तुळ असते. हे वर्तुळ डोळ्यांना तिरके दिसत असल्याने कागदावर ते लंबवर्तुळ होते, आणि लंबवर्तुळातच नवशिक्यांच्या सर्वाधिक चुका होतात. त्याची दोन्ही टोके टोकदार नसून वळणदार असतात. भांड्याचा तळ टेबलावर सपाट टेकलेला असला तरी त्याची पुढची कड चित्रात वक्रच दिसते. आणि डोळ्यांची पातळी भांड्याच्या वर असेल तर काठाच्या लंबवर्तुळापेक्षा तळाचे लंबवर्तुळ अधिक उघडे असते, कारण ते दृष्टीच्या पातळीपासून अधिक खाली असते. भांड्याच्या मधोमध एक उभी अक्षरेषा हलक्या हाताने आखून दोन्ही बाजू तिच्याशी ताडून पाहिल्या म्हणजे कळशी एका बाजूला कलंडत नाही.

उघड्यावरच्या चित्रात या मोजमापाला यथार्थदर्शनाची जोड लागते. यथार्थदर्शन म्हणजे दूर जाणाऱ्या वस्तू लहान आणि समांतर रेषा एकमेकींकडे झुकलेल्या दिसण्याचे शास्त्र. युरोपात पंधराव्या शतकात ब्रुनेलेस्की आणि अल्बेर्ती यांनी त्याची मांडणी केली. घाटाच्या लांबीच्या दिशेने पाहिले असता पायऱ्यांच्या कडा डोळ्यांच्या पातळीवरील क्षितिजरेषेवर एका बिंदूत मिळू पाहतात. डोळ्यांच्या खालच्या कडा वर चढत जातात आणि वरच्या, जसे मंदिराच्या छज्ज्याच्या कडा, खाली उतरत येतात. गोदाकाठच्या रामकुंडाच्या परिसरात उभे राहून केवळ या दोन दिशांची नोंद करणारी दहा-बारा छोटी रेखाटने केली, तर पुस्तकातील आकृत्यांपेक्षा हा नियम अधिक पक्का होतो.

उजेडाचे सहा भाग

पृष्ठभाग किती उजळ दिसेल हे त्यावर प्रकाश कोणत्या कोनात पडतो यावर अवलंबून असते. योहान लॅम्बर्ट या गणितज्ञाने १७६० साली मांडलेल्या नियमानुसार प्रकाशाकडे थेट तोंड केलेला भाग सर्वाधिक उजळतो, आणि पृष्ठभाग जसजसा तिरपा होत जातो तसतसा तोच प्रकाश अधिक क्षेत्रावर पसरून उजेड कमी होतो. चेंडूसारख्या गोल वस्तूचा पृष्ठभाग सतत वळत असल्याने त्याची छटाही सतत बदलते. पेटीसारख्या घनाची बाजू एकदम वळत असल्याने तिथे छटा एकदम बदलते. छटेच्या बदलाचा वेग हाच वळणाचा वेग असतो, आणि सपाट कागदावर खोली भासण्यामागचे सारे रहस्य एवढ्यातच सामावले आहे.

एका दिव्याच्या उजेडात ठेवलेल्या गोल वस्तूवर सहा भाग ओळखता येतात. पहिला उजळबिंदू, जिथे प्रकाशाचा स्रोतच पृष्ठभागावरून परावर्तित होऊन डोळ्यांत येतो आणि कागद कोरा ठेवावा लागतो. दुसरा त्याभोवतीचा प्रकाशित भाग. तिसरी मध्यछटा, जिथे पृष्ठभाग प्रकाशाकडून वळू लागतो आणि वस्तूचा मूळ रंग व पोत सर्वांत स्पष्ट दिसतो. चौथा छायेचा गाभा, म्हणजे थेट प्रकाश जिथे संपतो त्यालगतचा गडद पट्टा. पाचवा परावर्तित प्रकाश, जो टेबलावर किंवा शेजारच्या भिंतीवर आपटून छायेच्या बाजूला परत येतो आणि ती कड किंचित उजळवतो. सहावी पडछाया, म्हणजे वस्तूने प्रकाश अडवल्यामुळे जमिनीवर पडलेली सावली. ती वस्तूच्या बुडाशी गडद व रेखीव असते आणि दूर जाताना फिकट व धूसर होत जाते, कारण दिव्याला किंवा खिडकीला स्वतःची रुंदी असते आणि दूरच्या कडेवर तिचा थोडा थोडा उजेड पोहोचू लागतो.

यांतील परावर्तित प्रकाश नवशिक्याला फसवतो. गडद गाभ्याशेजारी तो असल्याने आहे त्यापेक्षा उजळ भासतो, तो तसाच पांढरा ठेवला जातो, आणि वस्तूला वळण येण्याऐवजी तिच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवल्यासारखे दिसते. यावर जुन्या शिक्षकांचा नियम असा आहे की, छायेच्या प्रदेशातील सर्वांत उजळ जागादेखील उजेडाच्या प्रदेशातील सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच राहिली पाहिजे. छटांची तुलना करताना डोळे किलकिले करावेत. बारीकसारीक तपशील त्यामुळे पुसट होतात आणि उजेड व छाया यांचे दोन मोठे प्रदेश वेगळे दिसू लागतात. हे दोन प्रदेश आधी ठरवून, त्यांच्यातील सीमा हलक्या रेषेने आखून, संपूर्ण छायेवर एक सपाट हलकी छटा देऊन मगच बारकाव्यांकडे वळण्याचा क्रम सर्व शैलींत उपयोगी पडतो.

छटांचा अंदाज पक्का व्हावा म्हणून नऊ चौकोनांची पट्टी तयार करण्याचा सराव सर्वत्र सांगितला जातो. पहिला चौकोन कोरा, नववा शक्य तितका काळा, आणि मधले सात समान अंतराने चढत जाणारे, अशी ही पट्टी असते. ती करताना बहुतेकांना कळते की आपल्या चित्रात पहिल्या चार छटाच वापरल्या जात होत्या आणि गडद छटांची भीती हेच चित्र फिकट व निर्जीव वाटण्याचे कारण होते.

तीन पद्धती आणि त्यांचे प्राचीन मूळ

कागद झाकण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. पहिली रेषांची: समांतर रेषा जवळ ओढल्या की छटा गडद होते, दूर ओढल्या की फिकट होते, आणि एका थरावर दुसऱ्या दिशेच्या रेषांचा थर दिला की जाळी तयार होऊन छटा आणखी गडद होते. या रेषा पृष्ठभागाच्या वळणाबरोबर फिरवल्या तर त्या छटेबरोबर आकारही सांगतात. दंडगोलावर त्या आडव्या कमानीसारख्या, तर सपाट भिंतीवर सरळ ओढल्या जातात. दुसरी मऊ मिश्रणाची: पेन्सिलीच्या कुशीने एकसारखा थर देऊन तो कागदाच्या गुंडाळीने किंवा कापसाने घोटला की रेषा नाहीशा होतात आणि छटा धुक्यासारखी पसरते. येथे बोटाने घासणे टाळतात, कारण त्वचेचा तेलकटपणा कागदावर डाग पाडतो आणि तो डाग पुढे खोडताही येत नाही. तिसरी बिंदूंची: ठिपक्यांची दाटी आणि विरळपणा यांतून छटा निर्माण होते, तिला वेळ फार लागतो, परंतु पोत दाखवण्यात ती अतुलनीय आहे.

या पद्धती परक्या नाहीत. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’च्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्र या भागात छायांकनाला ‘वर्तना’ म्हटले असून तिचे पत्रजा, ऐरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. पानावरील शिरांसारख्या रेषांची पहिली, अतिशय सूक्ष्म व तरल अशी दुसरी आणि बिंदूंची तिसरी, असा त्यांचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. आचार्य रेषेची प्रशंसा करतात आणि जाणकार वर्तनेची, असा विचारही याच ग्रंथात आला आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या चित्रात नाक, गाल आणि खांदे यांना मिळालेली गोलाई ही या परंपरेची साक्ष आहे. तेथे एकाच दिव्याचा उजेड गृहीत धरलेला नाही. अवयवाचा पुढे आलेला भाग उजळ आणि मागे वळलेला भाग गडद, अशी उठावाची योजना आहे. सर ज. जी. कलाशाळेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुढे दशकाहून अधिक काळ अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. १८५७ साली सुरू झालेल्या आणि प्लास्टरच्या पुतळ्यांवरून युरोपीय पद्धतीचे छायांकन शिकवणाऱ्या या शाळेत अशा रीतीने दोन्ही परंपरा एकमेकींसमोर आल्या.

रेषा आणि बिंदू यांच्या पद्धतींना मराठी नियतकालिकांनीही मोठे बळ दिले. जुन्या छपाईतील लाइन ब्लॉकमधून केवळ काळा आणि कोरा असे दोनच भाग उमटत, करडी छटा उमटत नसे. त्यामुळे कथेसाठी रेखाचित्र काढणाऱ्या कलावंताला संध्याकाळ, पाऊस किंवा चेहऱ्यावरील सावली हे सारे शाईच्या रेषांच्या घनतेतूनच सांगावे लागे. जुन्या दिवाळी अंकांतील अशी रेखाचित्रे समोर ठेवून कोणत्या जागी किती रेषा आहेत आणि कोणती जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे याचा अभ्यास करणे हा विनामूल्य आणि उत्तम धडा आहे.

तांबे, द्राक्षे आणि दगड

जुन्या नाशकातील तांबट कारागिरांची भांडी विद्यार्थ्याला चकाकीचा धडा देतात. मातीच्या मडक्यावर छटा हळूहळू बदलते, कारण त्याचा खरखरीत पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. चकचकीत तांब्याचे घंगाळ मात्र आरशाप्रमाणे खिडकी, जमीन आणि शेजारच्या वस्तू दाखवते, म्हणून त्यावर शुभ्र आणि गडद पट्टे एकमेकांना लागून, रेखीव कडांनी येतात व भांड्याच्या वळणाबरोबर वाकतात. भांडे मठारलेले असेल तर हातोडीचा प्रत्येक ठोका स्वतःचा छोटा उजळबिंदू आणि स्वतःची छोटी छाया घेऊन येतो. ते सर्व ठोके काढायचे नसतात, उजेड आणि छाया मिळतात त्या पट्ट्यातील थोडे रेखीव काढून उरलेले सुचवायचे असतात. धातू धातूसारखा वाटणे हे काळ्या रंगाच्या प्रमाणावर अवलंबून नसून छटा किती अचानक बदलतात यावर अवलंबून असते, हे या अभ्यासातून कळते.

द्राक्षांचा घड त्याहून कठीण आणि त्याहून अधिक शिकवणारा विषय आहे. सोळाव्या शतकातील व्हेनिसचा थोर चित्रकार टिशियन छायाप्रकाशाची एकात्मता समजावण्यासाठी द्राक्षांच्या घडाचे उदाहरण घेत असे, अशी नोंद सतराव्या शतकातील फ्रेंच कलासमीक्षक रोजे द पील याने केली, आणि पुढे युरोपीय कलाशिक्षणात ते उदाहरण रूढ झाले. त्याचा आशय असा की, प्रत्येक मण्याला स्वतःचा उजेड आणि स्वतःची छाया असली तरी संपूर्ण घडालाही एक मोठी उजेडाची व एक मोठी छायेची बाजू असते. प्रत्येक मणी सारख्याच ताकदीने रंगवला तर घड विस्कटतो. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील बागांमधून हंगामात येणारा ताजा घड खिडकीपाशी टांगून आधी संपूर्ण घडाचा एकच मोठा शंकूसदृश आकार छायांकित करावा आणि मग त्यातून पुढचे चार-पाच मणी स्पष्ट काढावेत. द्राक्ष अर्धपारदर्शक असल्याने त्यात आणखी एक विशेष दिसतो: प्रकाश मण्यात शिरून समोरच्या बाजूला आतून उजळतो, त्यामुळे उजळबिंदूच्या विरुद्ध बाजूची कड अपेक्षेपेक्षा फिकट असते. मण्यावरील पांढुरक्या मेणचट थरामुळे उजळबिंदूही मंद होतो, आणि जिथे बोट लागून तो थर पुसला गेला असेल तिथेच तो तीव्र दिसतो.

तिसरा धडा दगडाचा. शहराच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या पांडवलेण्यांची तोंडे उत्तर ते पूर्व या दिशांना आहेत, त्यामुळे सकाळचे तिरपे ऊन खांब आणि शिल्पांवर घासून जाते आणि अगदी उथळ कोरीवकामही उठून दिसते. ऊन सरल्यावर त्याच ओसरीत केवळ आकाशाचा आणि समोरच्या जमिनीवरून परतलेला मंद उजेड उरतो, तेव्हा तेच कोरीवकाम सपाट भासू लागते. एकाच खांबाची दोन वेळांची दोन रेखाटने शेजारी ठेवली तर प्रकाशाची दिशा आकार कसा घडवते हे कोणत्याही व्याख्येपेक्षा स्पष्ट होते. अष्टकोनी खांबावर छटा पायरीपायरीने बदलते आणि घटाच्या आकाराच्या बैठकीवर ती सलग वाहते, म्हणजे घन आणि गोल यांच्या छायांकनातील भेद एकाच शिल्पात दिसतो.

काळाराम मंदिराचा काळा पाषाण वेगळा प्रश्न उभा करतो. वस्तूची मूळ गडदता आणि तिच्यावर पडलेला उजेड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि डोळ्यांना दिसणारी छटा ही दोहोंचा परिणाम असते. काळा दगड भर उन्हात आणि पांढरी भिंत सावलीत असेल, तर त्यांच्या छटांमधील अंतर मनातल्या कल्पनेपेक्षा फारच थोडे निघते; परंतु ‘दगड काळा आहे’ हे ज्ञान डोळ्यांच्या आड येते आणि विद्यार्थी उन्हातला दगडही काळाकुट्ट करून टाकतो. जे माहीत आहे ते बाजूला ठेवून जे दिसते ते नोंदवणे हीच चित्रकलेच्या शिक्षणाची सर्वांत अवघड पायरी आहे.

राखलेल्या उजेडाचा आदर्श

सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सा. ल. हळदणकर यांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने प्रसिद्ध असलेले जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. ज्योतीवर आडव्या धरलेल्या हाताच्या बोटांतून झिरपणारा उजेड, चेहऱ्यावर पसरलेली त्याची मंद आभा आणि भोवतालची गडद पार्श्वभूमी यांमुळे ते पाहणाऱ्याला थक्क करते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वर चढवण्याची रीत नसल्याने त्यातील उजेड हा मुख्यतः राखलेल्या कागदाचा असतो, आणि त्याला तेज येते ते सभोवतालच्या गडद छटांच्या काटेकोर चढउतारामुळे. पेन्सिल धरलेल्या नवशिक्यालाही नेमके हेच साधायचे असते. माध्यम बदलते, तत्त्व बदलत नाही.

सरावाची दिशा

घरी सराव करताना एकच वस्तू आणि एकच प्रकाशस्रोत ठेवणे हिताचे असते. छतावरच्या ट्यूबलाइटचा आणि शेजारच्या खिडकीचा उजेड एकाच वेळी येत असला तर सावल्या दोन दिशांना पडतात आणि छायेचा गाभाच नाहीसा होतो. उत्तरेकडील खिडकीचा उजेड दिवसभर फारसा बदलत नसल्याने चित्रकार त्याला पसंती देतात. नाशिक मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे कलतो, आणि त्या काळात अशा खिडकीवर पातळ पांढरा पडदा लावावा लागतो. उघड्यावर काम करताना सावल्या सरकत असतात, म्हणून पहिल्या काही मिनिटांतच त्यांच्या कडा आखून घ्याव्यात आणि नंतर ऊन बदलले तरी त्या कडा बदलू नयेत.

पहिल्या टप्प्यात पांढरे अंडे किंवा चुन्याने रंगवलेला चेंडू योग्य, कारण त्याला स्वतःचा गडद रंग नसल्याने छटा शुद्ध स्वरूपात दिसतात. त्यानंतर मातीचे मडके, मग कापडाच्या घड्या, मग धातू आणि शेवटी द्राक्षे, असा क्रम ठेवावा. छायाचित्रावरून केलेला सराव प्रत्यक्ष वस्तूची जागा घेऊ शकत नाही, कारण कॅमेरा गडद भागातील परावर्तित प्रकाश बहुधा गिळून टाकतो आणि दोन डोळ्यांना जाणवणारी खोली त्यात नसते. वस्तूभोवती एकसारखी जाड काळी रेषा ठेवण्याची सवयही सोडावी लागते. प्रत्यक्षात वस्तूची कड दिसते ती तिच्या आणि पार्श्वभूमीच्या छटेतील फरकामुळे, म्हणून उजेडाच्या बाजूला पार्श्वभूमी गडद करून आणि छायेच्या बाजूला कड विरघळू देऊनच ती खरी वाटते.

महाराष्ट्रात या शिक्षणाला शासकीय चौकटही आहे. राज्याचे कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेते, आणि त्यांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन या विषयांमुळे खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांच्या हाती नीट निरीक्षण करून रेषा ओढण्याचे पहिले शिक्षण पोहोचले. ही चौकट मोलाची आहे आणि ती टिकली पाहिजे. परंतु ठरलेल्या वेळेत ठरलेले भांडे ठरलेल्या बाजूने काळे करण्याचा साचा पाठ करून गुण मिळवण्याची वृत्ती वाढली, तर परीक्षेचा हेतूच हरवतो. वस्तुचित्राच्या तासाला शिक्षकाने फळ्यावरची आकृती उतरवायला लावण्याऐवजी खिडकी उघडून, दिवे मालवून, समोरच्या कळशीवर उजेड कुठून येतो हा एकच प्रश्न विचारला, तरी त्या तासाचे मोल वाढते.

रेखांकन ही जन्मजात देणगी असलेल्या मोजक्यांची मिरास नाही. पाहणे, तोलणे, मोजणे आणि मग तेवढाच कागद झाकणे या चार क्रिया कोणत्याही वयात शिकता येतात, आणि त्या शिकलेली व्यक्ती पुढे चित्रकार झाली नाही तरी सुतारकाम, वास्तुरचना, वैद्यकीय आकृत्या किंवा मुद्रण अशा कोणत्याही क्षेत्रात अधिक नेमके पाहू शकते. शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास सर्वांत आधी कापला जातो, ही स्थिती बदलायची असेल तर तो करमणुकीचा तास नसून डोळ्यांच्या शिक्षणाचा तास आहे, हे पालकांनी आणि संस्थांनी मान्य केले पाहिजे. एचबी, २बी, ४बी आणि ६बी या चार पेन्सिली, एक कागद आणि खिडकीचा उजेड एवढ्यावर हे शिक्षण सुरू होऊ शकते. ते प्रत्येक मुलाला मिळायला हवे.